पंचवीस सांगितलं, बावन्न लिहिलं

छोटे, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला बराच वेळ झोप लागली नाही. तू अगदी सहज विचारलंस, "ताई, वर्णनात्मक नोंदींची तयार फाइल आहे का गं तुझ्याकडे? केंद्रप्रमुख येणार आहेत, सत्राच्या नोंदी पूर्ण करायच्यात." फाइल आहे. एक नाही, चार आहेत. सत्र संपत आलं की आपल्या शिक्षकांच्या प्रत्येक ग्रुपवर त्या फिरतातच. पण मी पाठवणार नाही. रागावू नकोस. का पाठवत नाही ते सांगायचं तर मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. आजवर ती मी आईलासुद्धा सांगितलेली नाही.

तेव्हा मी मोहोळ तालुक्यात होते, तिसरीचा वर्ग, एक्केचाळीस मुलं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन नवंनवं आलं होतं. शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा, आम्ही त्याला नुसतं 'सीसीई' म्हणायचो. प्रशिक्षणं झाली, तक्ते आले, नोंदवह्या आल्या, आणि पाठोपाठ स्टेशनरीच्या दुकानात नोंदींची तयार पुस्तकंही आली. विषयवार, श्रेणीवार वाक्यं. 'कवितेचे तालासुरात गायन करतो.' 'परिचित मजकुराचे स्पष्ट उच्चारात वाचन करतो.' 'दैनंदिन व्यवहारात गणिताचा वापर करतो.' एप्रिलमधल्या एका दुपारी मी एक्केचाळीस मुलांच्या नोंदी एका बैठकीत उतरवल्या. हात दुखला, काम मात्र झालं. तपासणीत शेरा मिळाला, 'नोंदी उत्तम.'

पुढच्या वर्षी लग्नसराईत एका मुलाचे वडील शाळेत आले. ते दुसऱ्यांच्या शेतात सालानं राहायचे. सदऱ्याच्या खिशात मुलाचं प्रगतिपत्रक घडी घालून आणलेलं. भांडायला आले नव्हते. चपला बाहेर काढल्या, दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, वरच्या गल्लीतल्या मास्तरनं वाचून दावलं, हितं लिवलंय की पोरगं चांगलं वाचतं म्हणून. पण भावकीतनं लग्नाची पत्रिका आली, तर त्याला तारीख बी वाचता येईना. मग ह्यात लिवलंय ते कुणाचं?"

मला उत्तर देता आलं नाही. लिहिलेलं कुणाचंच नव्हतं. ते पुस्तकातलं वाक्य होतं आणि त्या पोराच्या नावापुढे मी ठेवून दिलं होतं. तो मुलगा मागच्या बाकावर बसायचा, कविता ऐकून पाठ करायचा आणि प्रकट वाचनाला उभा केला की पाठ झालेलं म्हणायचा. पुस्तकावरून बोट फिरायचं, डोळे मात्र माझ्याकडे असायचे. हे मी वर्षभर बघितलं होतं गं. बघितलं होतं आणि लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

म्हणून फाइल पाठवत नाही.

आता तू म्हणशील, मग काय करू? तिसरी-चौथी मिळून चोवीस मुलं, शाळा द्विशिक्षकी, घरी सगळी कन्नड बोलणारी, आणि वर पोषण आहाराच्या नोंदी, माहितीचे तक्ते, ऑनलाइन कामं. सगळं खरं आहे. शिक्षणसेवकाची तीन वर्षं अशीच जातात, आणि सोळा हजारांच्या मानधनात घरापासून लांब राहून काढायची म्हणजे सोपं नाही. पण तुझ्या कपाटात त्या शासन निर्णयाची प्रत असेल तर एकदा शांतपणे वाच. वरून येणारा प्रत्येक कागद ओझंच असतो असं आपण धरून चालतो, म्हणून तोही ओझंच वाटतो. मी तो नीट वाचला तो त्या लग्नपत्रिकेनंतर. त्यात आकारिक, म्हणजे शिकता-शिकवताना चालणाऱ्या मूल्यमापनाची आठ साधनं दिली आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय म्हणजेच वर्गकार्य, आणि शेवटी इतर, ज्यात प्रश्नावली, मुलांनी एकमेकांचं केलेलं मूल्यमापन, स्वतःचं केलेलं मूल्यमापन आणि गटकार्य येतं. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण या आकारिकचे, सत्रअखेरच्या लेखी-तोंडी संकलितचे फक्त तीस. तुझ्या तिसरी-चौथीला साठ आणि चाळीस. पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, आणि सातवी-आठवीला पारडं फिरतं, चाळीस आणि साठ. म्हणजे मूल जितकं लहान, तितकं परीक्षेच्या कागदावर कमी विसंबा आणि डोळ्यांनी जास्त बघा, असं शासनच सांगतंय. आपण मात्र आकारिकचे साठ गुणही संकलितच्या चाळिसावर बेतून मागाहून भरतो.

आठ साधनं कशाला, असं मलाही वाटायचं. एक चाचणी घेतली की कळतं की कोणाला येतं आणि कोणाला नाही. हा समज माझ्या डोक्यातून कसा गेला ते ऐक, कारण ही गोष्ट तुझ्या वर्गात याच आठवड्यात घडत असेल.

मोहोळहून माझी बदली दक्षिण सोलापुरात झाली. वर्गात बरीच मुलं कुंभारीच्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, घरी तेलुगू. आई विड्या वळणारी, वडील कुठे यंत्रमागावर. दुसरीचा वर्ग होता. अंकलेखनाची छोटी चाचणी घेतली, मी संख्या सांगायची आणि मुलांनी अंकात लिहायची. एका मुलीला दहापैकी तीन पडले. मी लाल पेनानं सात फुल्या मारल्या आणि वही परत देणार, तेवढ्यात सहज परत एकदा बघितलं. पंचवीसला तिनं ५२ लिहिलं होतं. त्रेचाळीसला ३४. सदतीसला ७३. आणि बरोबर आलेल्या तीन संख्या कोणत्या? बावीस, तेहतीस आणि चाळीस.

बघ बरं पुन्हा. २२ आणि ३३ उलटे लिहिले तरी तेच राहतात. चाळीसला पुढे सुटं काही नाहीच. म्हणजे पोरीची एकही चूक चुकून झालेली नव्हती, सगळ्या एकाच नियमानं झाल्या होत्या. तिला जवळ बोलावलं आणि म्हटलं, तू घरी मोजतेस तसं मोजून दाखव. ती तेलुगूत मोजायला लागली. 'इरवै ऐदु', म्हणजे आधी वीस, मग पाच. तिच्या भाषेत मोठा अंक आधी ऐकू येतो आणि आधीच लिहिला जातो. मराठीत आपण म्हणतो 'पंच-वीस', पाच आधी, वीस मागून. तिनं कानाला ऐकू आलं त्या क्रमानं लिहिलं, पाच आधी आणि दोन मागून. तिला दशक-एकक येत होतं. आपल्या मराठीची उलटी चाल तिला कुणी सांगितली नव्हती.

तुझ्याकडची मुलं कन्नड बोलतात. कन्नडमध्येही तसंच, 'इप्पत्तैदु', आधी इप्पत्तु म्हणजे वीस, मग ऐदु म्हणजे पाच. उद्या वर्गात हे करून बघ. आधी संख्या ऐकवून लिहून घे, मग तीच संख्या अंकात फळ्यावर लिहून कन्नडमध्ये वाचायला सांग. ज्या मुलांचं पहिलं चुकेल आणि दुसरं बरोबर येईल, ती गणितात कच्ची नाहीत. त्यांना काड्यांचे गठ्ठे देऊन 'वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस' असं महिनाभर म्हणू दे. माझ्या त्या मुलीला दिवाळीनंतर पुन्हा तशीच चाचणी दिली, एकच संख्या चुकली.

यावरून आठवलं, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची 'वीस एक, वीस दोन' ही पद्धत आली तेव्हा किती गदारोळ झाला होता. मराठी बुडाली इथपर्यंत लोक गेले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या परोपरीनं समजावत होत्या की जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट चालीचे संख्याशब्द लहान मुलांना जड जातात. टीव्हीवर ओरडणाऱ्यांपैकी कोणी सोलापूरच्या पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोटच्या सीमेवरच्या वर्गात बसून अंकलेखन घेतलं असेल असं मला वाटत नाही. मी तरी वर्गात दोन्ही वापरते. पंचवीस हा शब्द मुलांना यायलाच हवा, कारण बाजारात, बसमध्ये तोच चालतो. पण तिथवर जायला 'वीस पाच' ही पायरी असेल तर ती काढून का घ्यायची?

तर मुद्दा असा, की लेखी चाचणीनं मला फक्त 'दहापैकी तीन' सांगितलं. कारण सांगितलं ते तोंडीकामानं, पाच मिनिटांत. चाचणी घेतलीच नसती तर त्या मुलीला जवळ बोलवायचं मला सुचलं नसतं, आणि नुसती चाचणी घेऊन थांबले असते तर ती मंद ठरली असती. एक साधन दुसऱ्याला पुरं करतं. म्हणून ती आठ आहेत. प्रत्येक मुलाला आठही लावायची असा त्याचा अर्थ नाही. एकानं जे झाकलं जातं ते दुसऱ्यानं उघडं पडतं, एवढ्यासाठी ती हाताशी असावीत.

वजाबाकीचंही असंच. ५२ वजा ३८ चं उत्तर वर्गात चार जणांनी २६ लिहिलं तर ती चौघांची एकच समजूत आहे. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. या चौघांना एकत्र बसव, हातच्याचं प्रात्यक्षिक दहाच्या नोटा आणि एक रुपयाच्या नाण्यांनी घे. उरलेल्या वर्गाला तोच पाठ पुन्हा ऐकवायची गरज नाही. चुकीचं उत्तर खोडण्याआधी एकदा वाचायचं, एवढं पाळलंस तरी मी म्हणेन माझ्या बहिणीला शिकवता येतं.

तुला आप्पा आठवतात ना, चादरीच्या कारखान्यातले? ते तिथे जॉबर होते, मागांवर लक्ष ठेवणारे, आणि लहानपणी मी त्यांना डबा द्यायला जायची. तू फार लहान होतीस. चाळीस मागांचा तो खडखडाट, त्यात काही ऐकू यायचं नाही, आणि आप्पा बोलता बोलता मधेच उठायचे आणि बरोबर एका मागाजवळ जायचे. ताण्याचा धागा तुटलेला असायचा. मी विचारायची, तुम्हाला कसं कळलं? म्हणायचे, आवाज बदलला की. चादर पुरी विणून झाल्यावर ती तपासणाराही वेगळा माणूस होता, तो चुकलेल्या चादरी सेकंडच्या ढिगात टाकायचा. त्याचंही काम गरजेचं होतं. पण त्याच्या टेबलावर पोचलेल्या चादरीचा धागा परत जोडता येत नसे. मला वर्गात आप्पांसारखं व्हायचंय, गेली कित्येक वर्षं तोच प्रयत्न चाललाय.

आता कामाचं सांगते, तुला उद्यापासून उपयोगी पडेल असं.

एक छोटी जाड वही घे, पर्समध्ये मावणारी. प्रत्येक मुलाला तीन-चार पानं दे. रोज चोवीस मुलांचं निरीक्षण कोणालाच जमत नाही, ते जमतं म्हणणाऱ्यांच्या नोंदी तयार फाइलीतल्याच असतात. रोज पाच मुलं ठरव. त्या दिवशी त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष ठेव आणि मधल्या सुट्टीत प्रत्येकाबद्दल एकच ओळ लिही, दिनांकासह. वाक्य तुझ्या बोलीतलं असू दे. 'जोडाक्षर आलं की थांबतो, पुढचा शब्द अंदाजानं म्हणतो.' 'गटात इतरांना समजावते, वहीत मात्र लिहीत नाही.' 'आज पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला.' आठवड्यात वर्ग पुरा होतो. सत्र संपताना प्रत्येकाच्या पंधरा-सोळा ओळी हातात असतात. मग वर्णनात्मक नोंद शोधावी लागत नाही, निवडावी लागते. तपासणीला कोणी आलंच तर हीच वही पुढे कर. चांगला अधिकारी असेल तर ती वाचत बसेल.

तोंडीकामात एक जपायचं. तुझ्या वर्गात दोन-तीन मुली अशा असतील की सगळ्यांसमोर उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांना 'तोंडी शून्य' देऊ नकोस. अशी एक मुलगी माझ्याकडे होती, दोन महिने मी तिचा आवाज ऐकला नव्हता. मग एकदा मुलांना जोडीजोडीनं एकमेकांची मुलाखत घ्यायला लावली आणि मी नुसती मागून फिरत राहिले. ही मुलगी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत पाळण्यात बसल्याची हकीकत अशी सांगत होती की समोरची पोर तोंड उघडं टाकून ऐकत होती. मला वाटत होतं तिला मराठी येत नाही. तिला भीती होती ती माझी.

सिद्धेश्वराच्या यात्रेवरून प्रकल्पाचं सांगते. संक्रांतीच्या आसपास आपल्याकडे अर्धा वर्ग गड्ड्याला असतो आणि आपण हजेरीवरून चिडतो. मी आता मुलांना आधीच सांगते की येताना दहा वस्तूंच्या किमती लिहून आणा, काय घासाघीस झाली तेही आणा. त्यावर तिसरीचं गणित आठवडाभर चालतं आणि खरं कोणाला हिशेब येतो ते लपत नाही. थर्मोकोलची घरं, दुकानातले चार्ट, पालकांनी रात्री जागून केलेले मनोरे, हे प्रकल्प म्हणून घेऊच नकोस. त्यात मूल्यमापन पालकांचं आणि दुकानदाराचं होतं. माझ्या घरकुलातल्या मुलांना मी एकदा आईच्या मजुरीचा हिशेब मांडायला सांगितला होता, हजार विड्यांमागे अमुक, तर आठवड्याचे किती. लेखी परीक्षेत गुणाकाराला घाबरणारा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण मालक खराब म्हणून काढून टाकतो त्या विड्या धरायच्या का?" ज्याला हे विचारता येतं त्याला गणित येत नाही असं मी कुठल्या तोंडानं लिहू?

छोटी चाचणी घे, जरूर घे. शासन निर्णयातच म्हटलंय की ती वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिक घ्यायची. पुस्तक उघडं ठेवून घेतलेली चाचणीही त्यात आहे आणि ती फारशी कोणी घेत नाही. चौथीला घेऊन बघ. पुस्तक समोर असूनही काहींना उत्तर सापडत नाही. त्यांना पाठांतर येतं, मजकुरात शोधता येत नाही. हे तुला इतर कशानंच कळणार नाही.

आणि वहीवरच्या शेऱ्यांबद्दल. 'छान', 'सुंदर', तारा, दहापैकी सात, हे आपण सगळेच करतो. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी एक प्रयोग केला होता, १९८८ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या कामावर एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेले गुणवाल्यांसारखेच राहिले. गुण दिसले की मूल खालची ओळ वाचतच नाही. मला हे पटायला प्रयोगाची गरज नव्हती. तुझ्याच दहावीच्या सराव पेपरांत तू पहिल्यांदा काय बघायचीस आठव. म्हणून आठवड्यातून एक काम असं ठेव की त्यावर गुण नाहीत, फक्त एक ओळ. 'तुझी सुरुवात मला आवडली, शेवट घाईत केलास. शेवटच्या दोन ओळी पुन्हा लिहून दाखव.' आणि दुसऱ्या दिवशी ते दाखवायला दहा मिनिटं राखून ठेव, नाहीतर शेराही वाया जातो.

मुलांनी एकमेकांचं तपासणं सुरुवातीला फसतं. दोस्ताला दहा, भांडलेल्याला दोन. पण त्यांना गुण द्यायला लावायचेच नाहीत. 'तुझ्या जोडीदाराच्या गोष्टीत तुला न कळलेली एक जागा दाखव,' एवढंच काम द्यायचं. आणि स्वतःचं मूल्यमापन म्हणून मी शनिवारी मुलांना विचारते, या आठवड्यात काय जमलं, आणि कशासाठी माझ्याजवळ बसायचंय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं इतकं खरं देतात की मला सोमवारची तयारी वेगळी करावी लागत नाही. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची जी कल्पना आहे, त्यात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मतही धरलंय. ते पत्रक भरायची वेळ येईल तेव्हा तुझी मुलं सरावलेली असतील.

वाचनाचं मात्र वेगळं बघ, वेळ न घालवता. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' च्या पाहणीत जे साधन वापरते, ते एका कागदावर मावतं. अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा सोपा उतारा आणि थोडी मोठी गोष्ट. एका वेळी एकच मूल, बाकीच्यांपासून जरा लांब, लिंबाखाली बसून. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. तिसरी-चौथीच्या मुलाला हे तपासायचं म्हणजे कमीपणा नव्हे. त्या लग्नपत्रिकेच्या पोराला मी एकदा असं लिंबाखाली बसवलं असतं, तर जुलैमध्येच कळलं असतं की तो शब्दांवर अडकलाय.

पायाभूत आणि संकलित चाचण्या येतात, त्यांचे पेपर पुण्याहून येतात, गुण ऑनलाइन भरायचे असतात. शिक्षक वैतागतात, मीही वैतागते. तरी त्या पेपरांचा गठ्ठा कपाटात टाकण्याआधी एक काम कर. एका कागदावर आडवे प्रश्न क्रमांक, उभी मुलांची नावं, आणि जिथे चुकलं तिथे नुसती टिंबं दे. एका उभ्या रांगेत टिंबांची दाटी दिसली तर तो घटक मुलांना कळला नाही, म्हणजे तू शिकवलास पण पोचला नाही. एका आडव्या रांगेत दाटी दिसली तर त्या मुलाजवळ बसायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. गुण वर गेले की ते राज्याचे होतात. हा कागद तेवढा तुझा.

तुझ्या चौथीच्या मुलांसाठी हे जास्त तळमळीनं सांगतेय. २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. त्यात कमी पडलं तर पुनर्परीक्षा, आणि तिथेही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात बसतं. या बदलाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला विचारशील तर दहा-अकरा वर्षांच्या पोराला मागे ठेवून त्याला वाचता येऊ लागतं असं मी पाहिलेलं नाही. शाळा सुटलेली पाहिली आहे, मुलींची तर जास्तच. पण नियम आहे तो आहे. पाचवीच्या कागदावर जे दिसणार, ते चौथीत तुझ्या समोर बसलेलं आहे. आज दिसलं तर धागा जोडता येतो.

पालकसभेत आया विचारतील, "बाई, किती मार्क पडले? कितवा नंबर?" त्यांना दुसरं काही विचारायला आपण शिकवलेलंच नाही. माझ्याकडे आता मूल आईसमोर बसून वाचून दाखवतं, त्याला आवडलेलं पान. बऱ्याच आयांना स्वतःला वाचता येत नाही, तरी पोरगं कुठे अडखळतं ते त्यांना बरोबर कळतं. एका बाईनं तंबाखूचा वास असलेला पदर डोळ्यांना लावला होता. नंबर विचारायचं ती विसरूनच गेली. तुझ्या पालकांना मराठी जड जात असेल तर कन्नडमध्ये बोल, तोडकंमोडकं चालेल. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा सगळीकडे पुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. मला त्यातलं लक्षात राहिलं ते वेगळं. तिथल्या मुलींची भाषा पुस्तकाच्या भाषेहून वेगळी होती, आणि त्याची दखल शिक्षकानं घेतली. तुझ्या शाळेत ती दखल घेणारी तूच आहेस.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस, थकशील. या सत्राच्या नोंदी उशिरा गेल्या तर दोन शब्द ऐकून घे. उद्यापासून फक्त दोन गोष्टी कर, ती छोटी वही आणि अंकलेखनाची चाचणी. चोवीसपैकी किती जणांनी पंचवीसला बावन्न लिहिलं ते मला रात्री फोन करून सांग.

आणि दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. मी माझ्या जुन्या वह्या माळ्यावरून काढून ठेवते. त्यात मोहोळच्या त्या मुलाच्या नावाचं पान नाही. ते तू बघावंस असं मला वाटतं.